एक जग, सहा देह

खेळ सुरू होतो तेव्हा नायकाला मिळवायचे असे काही उरलेलेच नसते. अंगावर दंतकथेतले चिलखत, हातात तितकीच नामी तलवार आणि पडद्याच्या वरच्या कडेला आयुष्य दाखवणाऱ्या लाल बदामांची भरगच्च रांग. समोर ड्रॅगनचा किल्ला आहे. वाटेत आडवे येणारे राक्षस फारसा त्रास न देता पडतात. शेवटच्या दालनात यंत्रांचा बनलेला मेका ड्रॅगन भेटतो आणि तोही लवकरच कोसळतो. एरवी अशा लढाईनंतर पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावे सरकू लागतात. इथे मात्र मरणारा ड्रॅगन नायकाला शाप देतो. माणसाचा सरडा होतो, आणि बळ ओसरलेल्या त्या सरड्याला घेऊन खेळणाऱ्याला किल्ल्यातून बाहेर पडावे लागते. खरा खेळ इथून पुढे आहे.

‘वंडर बॉय थ्री: द ड्रॅगन्स ट्रॅप’ हा खेळ सेगा कंपनीच्या मास्टर सिस्टिम या कन्सोलवर १९८९ मध्ये आला. बनवणारी कंपनी होती जपानमधली वेस्टोन आणि मालिकेचा जनक होता र्‍यूइची निशिझावा. या आरंभात दाखवलेला किल्ला आणि त्यातला ड्रॅगन म्हणजे मालिकेतल्या आधीच्या खेळाचा शेवट आहे. आधीचा खेळ ज्याने पूर्ण केला असेल त्याला आपण कुठे उभे आहोत हे लगेच कळते. ज्याने केला नसेल त्यालाही पहिल्या काही मिनिटांत दोन गोष्टी पक्क्या समजतात: आपण किती बलवान होतो, आणि आता किती दुबळे झालो.

पुढचा भाग काढताना बहुतेक खेळ एकच वाट धरतात. शत्रू वाढवायचे, शस्त्रे वाढवायची, नकाशा वाढवायचा. ‘ड्रॅगन्स ट्रॅप’ने नायकाचे सगळे काढून घेतले आणि त्याला एकामागून एक नवे देह दिले. जग तेच राहिले, त्यात वावरणारा बदलला. माझ्या मते आठ बिटांच्या काळात पुढच्या भागाचा इतका खोलवर विचार केलेले खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि या प्रकरणात त्यातल्याच एकाची घडण समजून घ्यायची आहे.

धावणारा मुलगा ते तलवारबाज

खेळाचा प्रकार आधी पाहू. नायक बाजूने दिसतो. तो उजवीकडे चालू लागला की मागचे दृश्य डावीकडे सरकते आणि पुढचा मुलूख उघडत जातो. जमीन सलग नसते. मध्ये खड्डे असतात, हवेत तरंगणारे कट्टे असतात, आणि या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर उडी मारणे हेच मुख्य कौशल्य असते. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने १९८५ मध्ये हा प्रकार घराघरांत नेला.

पहिला ‘वंडर बॉय’ १९८६ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रांसाठी बनला. वेस्टोनचे नाव तेव्हा एस्केप होते. त्यातला मुलगा रानात धावत सुटतो, दगडी कुऱ्हाडी फेकतो, मधूनच स्केटबोर्डवर चढतो. त्याची शक्ती सतत घटत असते आणि फळे गोळा केली तरच तो तग धरतो. थांबायला वावच नाही.

त्याच वर्षी जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने वेगळ्याच प्रकारच्या खेळाचे वेड लावले होते. सोने साठवायचे, दुकानातून शस्त्र विकत घ्यायचे, गावकऱ्यांशी बोलायचे, हळूहळू बळ वाढवायचे. १९८७ च्या ‘वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड’मध्ये निशिझावाने हे सारे उड्यांच्या खेळात आणले. नायकाच्या हाती तलवार आली, दुकाने आली, राक्षस मारल्यावर सोन्याची नाणी उडू लागली. पण खेळ अजूनही आर्केडचाच होता. कोपऱ्यातले वाळूचे घड्याळ रिकामे होत असे आणि प्रत्येक फेरीनंतर नायकाचे आयुष्य थोडे घटत असे. यामागे व्यवहार होता. आर्केडचा मालक नाण्यांवर जगतो. एकच खेळाडू एका नाण्यावर तासभर यंत्र अडवून बसला तर त्याचे दुकान कसे चालणार? म्हणून जगात फिरण्याची हौस जागी करायची आणि घड्याळ लावून तीच आवरायची, असा पेच त्या खेळात कायम राहिला.

‘ड्रॅगन्स ट्रॅप’ने तो सोडवला. हा भाग आर्केडसाठी बनलाच नाही, तो थेट घरच्या कन्सोलसाठी लिहिला गेला. घरी नाणे नाही आणि मागे रांगेत उभे असलेले कोणी नाही, त्यामुळे वाळूचे घड्याळ गेले. ओळीने पार करायचे टप्पेही गेले. त्यांच्या जागी मधोमध एक गाव आले आणि त्या गावातून वाळवंटाकडे, समुद्राकडे, जंगलाकडे वाटा फुटल्या. कुठे जायचे ते खेळणारा ठरवतो. चुकला तर परत येतो, मेला तरी गावातच परततो आणि पुन्हा निघतो. खेळ कुठे बसून खेळला जाणार आहे, यावर त्याचा स्वभाव किती ठरतो, हे या दोन भागांच्या तुलनेत लख्ख दिसते.

किती कमी जागेत

हे सगळे ज्या यंत्रावर उभे राहिले त्याची ऐपत पाहिली की खेळाबद्दलचा आदर वाढतो. मास्टर सिस्टिम मूळची सेगाची मार्क थ्री. ती जपानमध्ये ऑक्टोबर १९८५ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी नवे नाव व नवे रूप घेऊन अमेरिकेत गेली. तिच्यात झेड-८० जातीचा प्रोसेसर होता, वेग सुमारे ३.५८ मेगाहर्ट्‌झ. चालू खेळाचा सगळा हिशोब ठेवायला ८ किलोबाइट स्मृती आणि चित्रांसाठी वेगळी १६ किलोबाइट. ‘ड्रॅगन्स ट्रॅप’चे अख्खे कार्ट्रिज २५६ किलोबाइटचे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कित्येक पट जागा खातो.

इतक्या जागेत पूर्ण चित्रे साठवणे अशक्य होते, म्हणून पडदा तुकड्यांनी रचला जाई. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक तुकडा. गवताचा, विटेचा, ढगाच्या कडेचा. स्मृतीत हे तुकडे एकदाच ठेवायचे आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा याचा तक्ता वेगळा ठेवायचा. तोच विटेचा तुकडा शंभर जागी वापरला तरी त्याचे चित्र एकच. पडदा सरकवायलाही प्रत्येक ठिपका नव्याने काढावा लागत नाही. दृश्य किती सरकले आहे हे सांगणारा आकडा बदलला की चित्रचिप पूर्ण पार्श्वभूमी सरकवून दाखवते. प्रोग्रामने फक्त कडेला नव्याने येणाऱ्या तुकड्यांची रांग वेळेत भरायची. हे भरणे डोळ्यांना दिसू नये म्हणून डावीकडची आठ ठिपक्यांची पट्टी झाकून टाकण्याची सोयही त्या चिपमध्ये होती.

नायक, राक्षस, उडती नाणी या हलत्या वस्तू पार्श्वभूमीवर वेगळ्या ठेवल्या जात. त्यांना स्प्राइट म्हणतात. एका वेळी ६४ स्प्राइट आणि पडद्याच्या एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त ८. त्याहून अधिक एका ओळीत आले की उरलेले दिसतच नाहीत. अशा वेळी प्रोग्राम त्यांना आळीपाळीने दाखवतो, आणि जुन्या खेळांत गर्दी झाली की आकृत्या लुकलुकतात त्या यामुळेच. रंगांचीही कसर होती: एकूण ६४ छटा, त्यातल्या एका वेळी पडद्यावर ३२.

आणखी एक अडचण या खेळाला खास जाचणारी होती. पार्श्वभूमीचा तुकडा ही चिप आरशातल्यासारखा उलटवून दाखवू शकते, पण स्प्राइट उलटवू शकत नाही. म्हणजे उजवीकडे तोंड केलेला नायक एकदा काढून भागत नाही. डावीकडे तोंड केलेला वेगळा साठवा, नाहीतर प्रोग्रामकडून उलटवून घ्या. एका नायकालाच हा भुर्दंड, मग सहा देहांचे काय? चालणे, उडी, वार, दुखापत, आणि हे सगळे प्रत्येक देहाचे वेगळे. तरीही वेस्टोनने तोच मार्ग घेतला, कारण त्या खर्चाच्या बदल्यात फार मोठी गोष्ट हाती लागणार होती. नवा देह मिळाला की जुना नकाशाच नवा होतो. नवी भूमी रचायला जितकी जागा लागली असती त्याच्या थोड्याशा भागात सबंध जग पुन्हा एकदा खेळण्याजोगे होते.

देह बदलला की जग बदलते

पहिला देह सरड्याचा. तो तोंडातून आग फेकतो, म्हणून शत्रूला दुरूनच गाठता येते. माणसाची तलवार चालवून आलेल्या हाताला इथे आपले अंतर नव्याने शिकावे लागते.

वाळवंटातल्या पिरॅमिडमध्ये पट्ट्यांनी गुंडाळलेला ममी ड्रॅगन असतो. त्याला हरवले की दुसरा शाप बसतो आणि सरड्याचा उंदीर होतो. उंदीर एवढासा. त्याचा हात जेमतेम समोर पोहोचतो, लढाईत तो सरड्यापेक्षा अवघड वाटतो. पण चौकड्यांची नक्षी असलेल्या ठोकळ्यांना तो पायांनी चिकटतो. भिंतीवरून चालत वर जातो, छताला उलटा लटकून पुढे सरकतो. हे ठोकळे खेळणाऱ्याने आधीपासून पाहिलेले असतात. सरड्याच्या देहात ते नुसते शोभेचे वाटले होते. आता लक्षात येते की ती वाट होती, फक्त आपल्यासाठी नव्हती.

या क्षणात खेळाचा सगळा आनंद साठलेला आहे. जागा बदललेली नाही, कोणी नवे दार उघडून दिलेले नाही. आपण बदललो म्हणून दिसू लागले. मग खेळणारा मनातल्या मनात मागचा सगळा मुलूख धुंडाळू लागतो. तिथेही असे ठोकळे होते का? त्या उंच कट्ट्यावर काय असेल? नकाशा कागदावर नसतो, तो डोक्यात तयार होत जातो, आणि प्रत्येक नव्या देहासरशी त्याच्यावर नव्या खुणा उमटतात.

झोंबी ड्रॅगननंतर मिळतो पिरान्हा माशाचा देह. इतर रूपांना पाण्यात मनासारखे वर-खाली होता येत नाही. मासा मोकळा पोहतो, आणि आतापर्यंत अडथळा असलेला समुद्र हाच एक प्रांत बनतो. चाच्यांचा कप्तान असलेल्या ड्रॅगनचा पाडाव केला की सिंह व्हायचे. सिंहाची तलवार डोक्यावरून पायापर्यंत मोठी कमान घेत फिरते, त्यामुळे वरचे आणि खालचेही ठोकळे फुटतात. जिथे जमीन म्हणून आपण इतके दिवस चालत होतो तिथे खाली दडलेली वाट निघते. सामुराई सरदाराच्या वेशातला दाइम्यो ड्रॅगन हरवल्यावर ससाण्याचा देह येतो. ससाणा उडतो! उड्यांच्या खेळात उडता येणे म्हणजे नियमच मोडणे. म्हणून त्याला मोल लावले आहे: पाण्याचा स्पर्श झाला की त्याचे आयुष्य घटू लागते. माशाला जे घर होते ते ससाण्याला घातक. अखेरीस व्हॅम्पायर ड्रॅगन आणि सॅलमँडर क्रॉस नावाची ती वस्तू, जिच्यात शाप उतरवण्याची ताकद आहे.

हे पाच देह एकाच शिडीच्या पायऱ्या असते, प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा सरस असता, तर खेळ सपाट झाला असता. वेस्टोनने प्रत्येकाला एक देणगी आणि एक उणीव दिली. पुढे रूप पालटण्याच्या दडलेल्या खोल्या सापडू लागतात, आणि तेव्हा मागे टाकलेले देहही पुन्हा कामाला येतात. सबंध जग धुंडाळायचे असेल तर बलाढ्य सिंहाला बाजूला ठेवून इवल्या उंदराचा देह घ्यावा लागतो. ताकद आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेळ एक शब्दही न बोलता शिकवतो.

साधारण त्याच काळातल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स थ्री’शी याची तुलना उद्बोधक आहे. तो जपानमध्ये १९८८ मध्ये आला. त्यातही मारिओ रूपे बदलतो, शेपूट फिरवत उडतो, बेडकाचा पोशाख घालून पोहतो. पण ते पोशाख आहेत. शत्रूचा धक्का लागला की उतरतात, आणि पुढचा टप्पा त्यांच्याशिवायही पार करता येतो. ‘ड्रॅगन्स ट्रॅप’मध्ये शाप उतरत नाही. मिळालेल्या देहानेच जगायचे असते, त्याच्या सवयी अंगी बाणवाव्या लागतात. मारिओची रूपे खेळाची लज्जत वाढवतात. इथे रूप हाच खेळ आहे.

दुकानांची रचनाही याच विचाराला धरून आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला डुक्कर दुकानदार धूर सोडत बसलेला असतो. हल्ला आणि बचाव यांच्याबरोबर नायकाला छापही मोजून दिलेली आहे. ती पुरेशी नसली तर पैसे असूनही काही वस्तू दुकानदार दाखवत नाही, तिथे नुसते प्रश्नचिन्ह दिसते. छाप अंगावरच्या सामग्रीवर आणि देहावर अवलंबून असते, आणि खास रत्ने गोळा केली की वाढते. शापित प्राण्याला गावात मान कमी, हे कथेतले दुःख असे हिशोबाच्या आकड्यांत उतरले आहे. नायकाचे रूप पाहून जग त्याच्याशी कसे वागते, हेही खेळणाऱ्याच्या अनुभवाचा भाग होते.

चौदा अक्षरे

इतका लांबचा प्रवास एका बैठकीत होत नाही. मग कन्सोल बंद केल्यावर कमाई कुठे ठेवायची? कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी बसवून ती राखता येत असे. मास्टर सिस्टिमवरच्याच ‘फँटसी स्टार’ने १९८७ मध्ये तसे केले होते. पण बॅटरी आणि तिच्यासोबतची स्मृती म्हणजे वाढीव खर्च. ‘ड्रॅगन्स ट्रॅप’ने दुसरा उपाय घेतला. गावातल्या चर्चमध्ये गेले की चौदा अक्षरांचा एक संकेतशब्द मिळतो. तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा.

या चौदा अक्षरांत खेळाचे सार कोंबलेले असते: कोणता देह, किती सोने, कोणती शस्त्रे, किती रत्ने. त्यात काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा निवाडाच होता. कोणता राक्षस मेला, कोणत्या वेळी कुठे उभे होतो, हे सगळे सोडून दिले. जे सोडले ते पुन्हा घडले तरी बिघडत नाही, अशीच जगाची मांडणी केली. राक्षस परत येतात, खेळणारा गावातून निघतो. आठवण अपुरी होती म्हणून रचना अशी झाली, आणि ती रचना खेळाला शोभली. एक संकेतशब्द बनवणाऱ्यांनीच मागे ठेवला होता. कंपनीचे नाव लिहायचे, त्यातल्या ‘एस’च्या जागी ५ चा आकडा घालायचा आणि उरलेल्या जागी शून्ये. तो भरला की नायक भरपूर सोने आणि उत्तम सामग्री घेऊन उभा राहतो.

एक खेळ, अनेक नावे

या खेळाचा बाहेरचा प्रवासही त्याच्या नायकासारखाच रूपे बदलत झाला. जपानी कंपनीने बनवूनही तो जपानमध्ये मार्क थ्रीवर आलाच नाही. सेगाने ऑक्टोबर १९८८ मध्ये तिथे सोळा बिटांची मेगा ड्राइव्ह आणली होती आणि जुन्या यंत्राचा बाजार आटला होता. युरोप आणि अमेरिकेतल्या मुलांनी तो आधी खेळला. जपानी खेळाडूंच्या हाती तो १९९१ मध्ये पीसी इंजिन या कन्सोलवर आणि १९९२ मध्ये सेगाच्या हातात मावणाऱ्या गेम गिअरवर आला, दोन्हीकडे वेगळ्या नावांनी.

नावांच्या या गोंधळाचे मूळ एका करारात आहे. खेळ वेस्टोनचा, पण ‘वंडर बॉय’ हे नाव आणि त्यातली पात्रे यांवर हक्क सेगाचा. त्यामुळे दुसऱ्या कंपनीला खेळ घेता येई, नाव घेता येत नसे. हडसन कंपनीने पहिला ‘वंडर बॉय’ १९८६ मध्ये निन्टेन्डोच्या कन्सोलवर नेला तेव्हा नायकाच्या जागी आपला प्रचारक ताकाहाशी मेइजिन याला बसवले. एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबण्याबद्दल तो जपानमध्ये प्रसिद्ध होता. या खेळाचे नाव झाले ‘ॲडव्हेंचर आयलंड’. पुढे ‘ड्रॅगन्स ट्रॅप’ही हडसनकडून अमेरिकेत आला तेव्हा ‘ड्रॅगन्स कर्स’ झाला.

मराठी वाचकांपैकी अनेकांची या घराण्याशी ओळख इथेच झालेली असणार. नव्वदच्या दशकात आपल्याकडे निन्टेन्डोच्या कन्सोलची नक्कल असलेले टीव्ही गेम घरोघरी पोहोचले. ज्याला आपण कॅसेट म्हणायचो त्या कार्ट्रिजवर शेकडो खेळ असल्याचे छापलेले असे आणि त्या यादीत ‘ॲडव्हेंचर आयलंड’ हमखास सापडे. टोपी घातलेला, फळे वेचत धावणारा, कुऱ्हाड फेकणारा, स्केटबोर्डवर चढणारा तो गडी म्हणजे वेस्टोनच्या वंडर बॉयचाच दुसरा अवतार होता.

सर्वांत जिवंत रूपांतर ब्राझीलमध्ये झाले. तिथे सेगाची उत्पादने टेक टॉय कंपनी बनवत आणि विकत असे, आणि मास्टर सिस्टिमला तिथे जे प्रेम मिळाले ते इतरत्र क्वचितच मिळाले. टेक टॉयने परक्या नायकाच्या जागी आपली लाडकी मंडळी आणली. मॉरिसियो द सोझा या चित्रकाराच्या चित्रकथांतली मोनिका ब्राझीलच्या घराघरांत माहीत आहे. ती चिडली की हातातल्या कापडी सशाने समोरच्याला बडवते. टेक टॉयच्या ‘मॉन्स्टर लँड’मध्ये नायकाच्या तलवारीच्या जागी हा ससा आला, आणि १९९३ मध्ये ‘ड्रॅगन्स ट्रॅप’च्या शापित प्राण्यांची जागा मोनिकाच्या टोळीने घेतली. खाली नकाशा तोच, उड्या त्याच. तरी ब्राझीलच्या मुलांसाठी तो त्यांचा, त्यांच्या भाषेतला खेळ होता.

वाचून काढलेला खेळ

वेस्टोनने पुढे मालिकेचे आणखी भाग काढले, त्यांतला ‘मॉन्स्टर वर्ल्ड फोर’ १९९४ चा. मग मालिका थांबली आणि २०१४ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. खेळ जगवायचा तर तो यंत्रातून मुक्त करायला हवा होता.

ते काम केले ओमार कॉर्नू या फ्रेंच प्रोग्रामरने. सेगाची जुनी यंत्रे आजच्या संगणकावर हुबेहूब चालवणारा ‘मेका’ हा प्रोग्राम त्याने आधीच लिहिला होता, म्हणजे मास्टर सिस्टिमची नस त्याला ठाऊक होती. कार्ट्रिजमधला प्रोग्राम उलगडत, त्याची एकेक आज्ञा वाचत त्याने खेळ आतून समजून घेतला. उडीची उंची किती, घाव बसल्यावर नायक किती मागे फेकला जातो, राक्षस कधी वळतो, हे सगळे मुळाबरहुकूम ठेवले. बेन फिके या चित्रकाराने त्यावर हाताने काढलेल्या सजीव चित्रांचा नवा साज चढवला. शिनइची साकामोतोच्या मूळ चाली मिकाएल जेइर याने खऱ्या वाद्यांसाठी नव्याने बांधल्या. पॅरिसच्या लिझर्डक्यूब या त्यांच्या स्टुडिओचा हा ‘ड्रॅगन्स ट्रॅप’ एप्रिल २०१७ मध्ये आला आणि निशिझावाचाही त्याला पाठिंबा होता.

या आवृत्तीत एक बटण दाबले की नवी चित्रे पुसली जाऊन १९८९ ची चित्रे येतात, खेळ न थांबता. संगीतही तसेच, चित्रांपासून स्वतंत्रपणे, जुने किंवा नवे ऐकता येते. सरडा हवेत असताना बटण दाबा. चित्र बदलेल, उडी बदलणार नाही. त्या क्षणी कळते की जुनाट दिसणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या खाली रचना किती पक्की होती. जवळपास तीस वर्षांनी वर नवी कातडी चढवली तरी आतला सांगाडा सरळ करावा लागला नाही. आणि जुन्या कार्ट्रिजवर मिळालेला चौदा अक्षरांचा संकेतशब्द या नव्या खेळात भरला तर तोही चालतो. लहानपणी वहीत उतरवलेला शब्द कोणी जपून ठेवला असेल तर त्याला आपला अर्धवट प्रवास तिथूनच पुढे नेता येतो.

जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना संपादक मूळ हस्तलिखिताशी जे इमान राखतो तेच इमान इथे दिसते, आणि आपण खेळांकडे अशाच जपणुकीने पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते. यंत्रे बंद पडतात, कंपन्या बुडतात, हक्क या हातातून त्या हातात जातात. कोणीतरी प्रोग्राम वाचून समजून घेतला तरच त्यातली कारागिरी पुढच्या पिढीला मिळते.

पुढे या प्रकारच्या खेळांना ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे नाव मिळाले. निन्टेन्डोचा ‘मेट्रॉइड’ १९८६ चा आणि कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ १९९७ चा, या दोहोंच्या नावांवरून ते पडले. सलग जग, नवी क्षमता मिळाल्यावर जुन्या जागी परतणे, बंद वाटा उघडणे ही त्याची ओळख. या दोहोंच्या मध्ये ‘ड्रॅगन्स ट्रॅप’ उभा आहे आणि त्याचे देणे स्वतंत्र आहे. ‘मेट्रॉइड’ची नायिका नवी साधने अंगावर चढवत जाते, इथला नायक स्वतःच दुसरा होतो. २०१८ मध्ये पॅरिसच्याच गेम अतेलिए या स्टुडिओने निशिझावाच्या सहकार्याने ‘मॉन्स्टर बॉय अँड द कर्स्ड किंगडम’ काढला, तोही याच कल्पनेवर: एक मुलगा आणि त्याला मिळणारे प्राण्यांचे देह.

पुढचा भाग मोठा असला पाहिजे, ही समजूत आजही खेळांच्या धंद्यात पक्की आहे आणि मोठेपणाची किंमत दर वर्षी वाढते आहे. वेस्टोनकडे मोठे होण्याची सोयच नव्हती. २५६ किलोबाइटमध्ये नवा मुलूख फार बसणार नव्हता. म्हणून त्यांनी मुलूख एकदाच रचला आणि तो पाच वेगवेगळ्या देहांनी ओळखायला लावला. जे आपल्याला पूर्ण ठाऊक आहे असे वाटते त्यात अजून किती शिल्लक आहे, हे दाखवणे पुढच्या भागाचे सर्वांत अवघड काम असते, आणि ‘ड्रॅगन्स ट्रॅप’ने ते करून दाखवले.